फ्रेंच वाक्यात क्रियाविशेषण पुन्हा पुन्हा चुकीच्या जागी जातंय? (समस्या निवारण)

समस्या अशी असते. क्रियापदाचं रूप बरोबर, लिंग बरोबर, आर्टिकल बरोबर, आणि 'नेहमी', 'खूप', 'बरेचदा', 'चांगलं' यांच्यापैकी एखादा शब्द मात्र भलत्याच जागी. नियम पाठ असतो, विचारला तर धडाधडा सांगताही येतो. रिकाम्या जागा भरायच्या स्वाध्यायात सगळी उत्तरं बरोबर. आणि दोन दिवसांनी पत्र लिहायला बसलं की पुन्हा 'झ तूझूर ब्वा द्यू ते'. मी नेहमी चहा पितो. मास्तरांचा लाल बाण 'तूझूर'वरून निघतो आणि 'ब्वा'च्या पलीकडे जाऊन थांबतो.

अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं हे करतात, डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षेला बसणारे करतात, कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) टेफ किंवा टीसीएफ या फ्रेंच परीक्षांची तयारी करणारे चाळिशीतले इंजिनिअरही करतात. वय वेगळं, गरज वेगळी, चूक तीच. म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, कुठेतरी खोल काहीतरी अडकलंय.

पुढे जाण्याआधी एक सांगतो: फ्रेंच वाक्यं इथे कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत आणि लियेझों (शब्दाच्या शेवटचं एरवी मुकं व्यंजन पुढच्या शब्दाला जोडून उच्चारणं) दाखवलेला नाही, म्हणजे प्रत्येक शब्द सुटा दिसेल. स्पेलिंग तुमच्या वहीत आहेच.

चूक कधी होते आणि कधी होत नाही

ही चूक सरसकट होत नाही, आणि निदान करायला तेच उपयोगी पडतं. 'तो नेहमी उशिरा येतो' या अर्थाचं 'इल ए तूझूर आं रतार' हे वाक्य जवळजवळ कुणीच चुकवत नाही. 'मी आधीच जेवलोय', 'झे देझा मांझे', हेही बहुतेकांचं बरोबर येतं. पण 'मी बरेचदा खातो'ला 'झ मांझ सूवां' म्हणायच्या जागी 'झ सूवां मांझ' येतं. 'मी छान झोपलो'ला 'झे ब्यां दोर्मी' हवं, तिथे 'झे दोर्मी ब्यां' येतं. आणि 'मला कॉफी खूप आवडते'चं 'झेम ल काफे बोकू' तर वर्गात रोज ऐकू येतं.

बरोबर येणाऱ्या वाक्यांकडे नीट पाहा. ती इंग्रजीशी जुळतात. इंग्रजीत 'ही इज ऑलवेज लेट', 'आय हॅव ऑलरेडी ईटन' म्हणतात. तिथे सहायक क्रियापदानंतरच क्रियाविशेषण येतं, म्हणून फ्रेंच आपोआप जमतं. पण 'आय ऑफन ईट', 'आय स्लेप्ट वेल', 'आय लाइक कॉफी अ लॉट' इथे इंग्रजी वेगळ्या वाटेने जाते आणि आपण तिच्यामागोमाग जातो. विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला नियम कळलाय, फक्त अधूनमधून घसरतो. खरं तर जे बरोबर येत होतं ते इंग्रजीच्या उसन्या जोरावर येत होतं.

मराठीही मदतीला येत नाही. 'मी बरेचदा सफरचंद खातो.' क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी. इंग्रजीतही आधी. दोन्ही ओळखीच्या भाषा एकाच दिशेला ओढतायत आणि फ्रेंच एकटी उलटी उभी आहे. 'झां आंब्रास सूवां मारी' आणि त्याच अर्थाचं इंग्रजी 'जॉन ऑफन किसेस मेरी' ही जोडी भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झां-ईव पोलॉक यांनी १९८९ साली अशाच जोड्या समोर ठेवून मांडणी केली की फ्रेंचमध्ये रूप घेतलेलं क्रियापद वाक्यात वर, पुढे सरकतं आणि 'सूवां' जागच्या जागी मागे राहतं. इंग्रजीत क्रियापद जागचं हलत नाही. सिद्धांताचा कीस काढायची आपल्याला गरज नाही, पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: फ्रेंचमध्ये हललेलं असतं ते क्रियापद. 'सूवां' कुठे ठेवू, हा प्रश्नच मुळात उलटा आहे. क्रियापद कर्त्याला जाऊन चिकटलं का, ते आधी बघायचं.

आणि कर्ता-क्रियापदाच्या मधली जागा फार अरुंद आहे. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला जेमतेम टेकायला मिळतं, तेही सडपातळ माणसाला. फ्रेंचमध्ये ती चौथी सीट फक्त नकाराच्या 'न'ला आणि एका अक्षराच्या सर्वनामांना मिळते: म, त, स, ल, ला, ले, लुई, नू, वू, लर, ई, आं. 'झ ल लुई दोन सूवां', मी त्याला ते बरेचदा देतो. 'ल' आणि 'लुई' मध्ये टेकले, 'सूवां' बाहेर. 'तूझूर' तिथे कधीच मावत नाही. कर्ता नाम असेल आणि दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन एखादा शब्द मध्ये घातला असेल तर लिखाणात चालतं, पण ती शैलीची बाब आहे. डेल्फच्या बी-वन पातळीच्या पत्रात त्या वाटेला जाऊ नका.

पहिला उपाय: मराठी वाक्य शेवटाकडून वाचा

मराठी इथे शत्रू आहे असं वाटतं, पण नीट वापरली तर इंग्रजीपेक्षा जास्त कामाची आहे.

'मला कॉफी खूप आवडते.' यातलं 'मला' बाजूला ठेवा. उरलेलं शेवटाकडून वाचा: आवडते, खूप, कॉफी. आता फ्रेंच: झेम, बोकू, ल काफे. क्रम तंतोतंत तोच.

'ती मराठी चांगलं बोलते.' शेवटाकडून: बोलते, चांगलं, मराठी. एल पार्ल ब्यां माराती. 'आम्ही भारतीय सिनेमे क्वचित पाहतो.' पाहतो, क्वचित, सिनेमे. नू रगार्दों रारमां दे फिल्म इंदियां.

हा योगायोग नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'चांगलं', 'खूप', 'हळू' असे शब्द त्याला खेटून बसतात. कर्म त्यांच्या पलीकडे. फ्रेंचमध्ये क्रियापद पुढे गेलं, पण खेटून बसणारे शब्द खेटूनच राहिले, फक्त दुसऱ्या बाजूला. इंग्रजी मात्र कर्माला क्रियापदाशी चिकटवते आणि 'वेल', 'अ लॉट' यांना पार शेवटी ढकलते. म्हणून 'झेम ल काफे बोकू' ही चूक मराठीची नाहीच, ती इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकल्याची आहे. मराठीत विचार केला तर ती होणारच नाही.

काळ आणि स्थळ दाखवणाऱ्या शब्दांनाही हीच युक्ती चालते. 'मी काल हा सिनेमा पाहिला.' पाहिला, हा सिनेमा, काल. झे व्यू स फिल्म इयेर. 'ते उद्या इथे येणार आहेत.' येणार, इथे, उद्या. इल वों वनीर इसी दमां. आधी स्थळ, मग काळ, हेही आपोआप जमलं. 'इयेर', 'दमां' वाक्याच्या सुरुवातीलाही बिनधास्त ठेवता येतात, मराठीसारखेच. 'तो', 'तार', 'इसी', 'आंसांब्ल' म्हणजे लवकर, उशिरा, इथे, एकत्र, हे मात्र मागेच बरे: 'एल ए आरिवे तार', ती उशिरा आली.

आता या युक्तीतली खाच. 'मी नेहमी चहा पितो' हे वाक्य शेवटाकडून वाचलं तर 'पितो, चहा, नेहमी' मिळतं, आणि 'झ ब्वा द्यू ते तूझूर' हे चांगलं फ्रेंच नाही. काय बिनसलं? मराठी 'नेहमी'ला 'काल', 'उद्या'च्या पंगतीला बसवते, म्हणजे कर्माच्या अलीकडे, क्रियापदापासून लांब. फ्रेंच 'तूझूर'ला 'ब्यां' आणि 'बोकू'च्या पंगतीला बसवते. माझ्या मते मराठी माणसाचा सगळा घोळ या एका फरकात आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेलं कुठलंच पाठ्यपुस्तक तो सांगत नाही, कारण त्या पुस्तकाला मराठी माहीतच नसते.

म्हणून उलटं वाचण्याआधी एक प्रश्न विचारायचा. शब्द 'कधी?'चं उत्तर देतो का? काल, उद्या, आज. मग तो बाहेरचा, त्याला मराठीत जिथे आहे तिथेच राहू द्या. शब्द 'किती वेळा?', 'किती?' किंवा 'कसं?' याचं उत्तर देतो का? नेहमी, बरेचदा, क्वचित, खूप, चांगलं. मग तो आतला. त्याला मनातल्या मनात ओढून क्रियापदाला चिकटवा, 'मी चहा नेहमी-पितो', आणि मग उलटं वाचा. झ ब्वा तूझूर द्यू ते.

'रोज'चं काय? फ्रेंचमध्ये 'रोज'साठी सहसा एक शब्द नाही, 'तू ले झूर' असा शब्दसमूह वापरतात. असे शब्दसमूह सहसा बाहेरच राहतात: 'झ ब्वा द्यू ते तू ले झूर'. म्हणजे 'मी रोज चहा पितो' सरळ उलटं वाचलं तरी चालतं. 'अधूनमधून' म्हणजे 'द तां आं तां', तेही तसंच.

दुसरा उपाय: आधी 'पा' घाला

उलट्या वाचनाचा जोर पासे कोंपोझेत, म्हणजे सहायक क्रियापद लावून होणाऱ्या भूतकाळात, संपतो. तिथे क्रियापदाचे दोन तुकडे होतात आणि मराठीत तसं सरळ जुळणारं काही सापडत नाही. 'मी छान झोपलो' यातल्या एका 'झोपलो'चे फ्रेंचमध्ये 'झे' आणि 'दोर्मी' होतात. मग 'ब्यां' कुठे?

इथे नकाराचा आधार घ्या. गंमत अशी, की 'पा' कुणीच चुकवत नाही. 'न… पा'ची चौकट पहिल्याच महिन्यात जिभेवर बसते. 'मी झोपलो नाही' म्हणा: झ ने पा दोर्मी. आता 'न' काढा, 'पा' उचला आणि त्या रिकाम्या जागेत 'ब्यां' ठेवा. झे ब्यां दोर्मी. 'मी जास्तच खाल्लं': झ ने पा मांझे, झे त्रो मांझे. 'तो आधीच गेलाय': इल ने पा पार्ती, इल ए देझा पार्ती. साध्या वर्तमानकाळातही हेच चालतं: झ न मांझ पा, झ मांझ सूवां.

'पा' आणि 'सूवां' एकाच जागी का बसतात? दोघांच्याही डोक्यावरून तेच क्रियापद उडी मारून पुढे गेलेलं असतं. पासे कोंपोझेत उडी मारतं ते सहायक क्रियापद, 'आव्वार' किंवा 'एत्र'चं रूप. पार्टिसिप, म्हणजे 'दोर्मी'सारखा दुसरा तुकडा, मागेच राहतं, म्हणून आपला शब्द दोघांच्या मध्ये सापडतो. पुस्तकात यालाच दोन वेगळे नियम म्हणून शिकवतात: साध्या काळात क्रियापदानंतर, संयुक्त काळात मध्ये. मग तिसरा, अँफिनितीफचा, म्हणजे 'खाणे', 'झोपणे'सारख्या मूळ क्रियापदाचा. विद्यार्थ्याच्या डोक्यात तीन नियम भांडत बसतात. खरं तर नियम एकच: 'झ, तू, इल'प्रमाणे जो तुकडा बदलतो, त्याच्या लगेच मागे.

अँफिनितीफला रूप नसतं, म्हणून ते उडी मारत नाही. परिणाम बघा: नकार द्यायचा तर 'न' आणि 'पा' दोन्ही त्याच्या आधी. 'प्रियेर द न पा तूशे', कृपया हात लावू नये. आणि छोटी क्रियाविशेषणंही आरामात आधी येतात: 'इल फो ब्यां मांझे', नीट खायला हवं. 'झ वे ब्यां दोर्मीर', मी छान झोपणार. इथे पुन्हा 'पा'ची चाचणी जुळली.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवतो. 'झ व ब्यां मांझे' म्हटलं, तर ऐकणारा 'मला नीट खायचंय' असं समजेलच असं नाही. 'व ब्यां' म्हणजे 'चालेल, माझी हरकत नाही'. जेवायचं आमंत्रण आलं आणि तुम्हाला नुसतं 'हो, चालेल' म्हणायचं असेल तर 'झ व ब्यां' अगदी बरोबर. माणसांच्या बाबतीत 'ब्यां' आणखी खोडसाळ. 'झ लेम' म्हणजे माझं तिच्यावर प्रेम आहे, आणि 'झ लेम ब्यां' म्हणजे ती बरी वाटते मला, चांगली आहे. शब्द वाढला आणि प्रेम कमी झालं. जागा बरोबर असूनही घात होतो तो असा.

'मां'ने संपणारे लांब शब्द

लांतमां (हळू), पोलिमां (सभ्यपणे), कोंप्लेतमां (पूर्णपणे), प्रोबाब्लमां (बहुधा). यांच्यावर विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त झोप उडवून घेतात. साध्या काळात काही प्रश्नच नाही, क्रियापदानंतर. पासे कोंपोझेत 'कसं केलं' सांगणारे शब्द सहसा पार्टिसिपच्या मागे जातात: 'इल आ पार्ले लांतमां', तो हळू बोलला. 'किती प्रमाणात' किंवा 'कितपत खात्रीने' सांगणारे मध्ये बसतात: 'इल आ कोंप्लेतमां उब्लिये', तो पार विसरला. 'इल आ प्रोबाब्लमां उब्लिये', बहुधा विसरला. पुष्कळ शब्द दोन्हीकडे चालतात. परीक्षक यावर मार्क कापायला बसलेला नसतो. 'झ तूझूर ब्वा'वर मात्र त्याची भुवई वर जाते.

काही ठिकाणी जागेबरोबर अर्थ बदलतो, तेवढं लक्षात ठेवा. 'इल आ रेपोंद्यू नात्यूरेलमां' म्हणजे त्याने सहजपणे, कसलाही आव न आणता उत्तर दिलं. 'नात्यूरेलमां, इल आ रेपोंद्यू' म्हणजे अर्थातच, त्याने उत्तर दिलं. सुरुवातीला येऊन स्वल्पविराम मिळाला की शब्द क्रियापदाबद्दल बोलणं सोडतो आणि सगळ्या वाक्याबद्दल बोलणाऱ्याचं मत सांगू लागतो.

'पा तूझूर' की 'तूझूर पा'

नकार आणि क्रियाविशेषण एकत्र आले की क्रम महत्त्वाचा, आणि इथे मराठीवर अजिबात विसंबू नका. 'तो नेहमी इथे नसतो' या वाक्याचे मराठीतच दोन अर्थ निघतात: तो कधीच नसतो, किंवा प्रत्येक वेळी असतोच असं नाही. फ्रेंच अशी संदिग्धता ठेवत नाही.

'इल ने पा तूझूर ला': प्रत्येक वेळी असतोच असं नाही.

'इल ने तूझूर पा ला': अजून आलेला नाही, अजूनही नाहीच.

दुसऱ्या वाक्यात 'तूझूर'चा अर्थ 'नेहमी' नसून 'अजूनही' आहे. तीन वाजता भेटायचं ठरलेल्या मित्राची वाट पाहताना फोनवर हे दुसरं वाक्य म्हणायचं. पहिलं म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही त्याच्या सवयीबद्दल तक्रार करताय.

तत्त्व सोपं आहे: 'पा'च्या मागे जे येतं त्यावर नकाराचा हात पडतो, आधी जे असतं ते सुटतं. 'झ न कोंप्रां पा व्रेमां' म्हणजे फारसं नीट कळत नाहीये, थोडं कळतंय. 'झ न कोंप्रां व्रेमां पा' म्हणजे खरंच कळत नाही, काहीच नाही. 'बहुधा', 'कदाचित' यांना नकाराचा स्पर्श होऊन चालत नाही, म्हणून ते नेहमी 'पा'च्या आधी: 'इल न वियांद्रा प्रोबाब्लमां पा', तो बहुधा येणार नाही. 'बोकू', 'सूवां', 'आसे' (पुरेसं) बहुतेक वेळा नंतर: 'झ ने पा बोकू मांझे'. आणि 'अजून नाही'साठी 'पा आंकोर' हाच क्रम धरा.

ओघात आलंय म्हणून: 'काही नाही' म्हणजे 'रियां' हे 'पा'च्या जागी बसतं, 'झ ने रियां व्यू'. पण 'कुणी नाही' म्हणजे 'पेर्सोन' पार्टिसिपच्या मागे, 'झ ने व्यू पेर्सोन'. त्यात तर्क शोधत बसू नका, पाठच करा.

वाक्याच्या सुरुवातीचे दोन दगाबाज

मराठीत 'शिवाय', 'तसंच' म्हणून वाक्य सुरू करायची सवय असते. फ्रेंचमध्ये त्यासाठी लोक 'ओसी' सुरुवातीला टाकतात: 'ओसी, झ पार्ल माराती'. पण वाक्याच्या तोंडी आलेल्या 'ओसी'चा लिखित फ्रेंचमध्ये अर्थ 'म्हणून' असा होतो. वाचणारा गोंधळतो: कशामुळे मराठी बोलता? 'मी मराठीही बोलतो' म्हणायचं तर 'ओसी' आत, क्रियापदानंतर: 'झ पार्ल ओसी माराती'. आणि 'मीसुद्धा'ला 'म्वा ओसी'. सुरुवातच करायची असेल तर 'आं प्ल्यूस' घ्या, म्हणजे 'शिवाय'.

दुसरा 'पतेत्र', कदाचित. सगळ्यात सुरक्षित जागा क्रियापदानंतर: 'इल वियांद्रा पतेत्र'. सुरुवातीला आणायचाच असेल तर लिखाणात दोन पर्याय: 'पतेत्र किल वियांद्रा', किंवा क्रियापद आणि कर्ता उलटे करून 'पतेत्र वियांद्रातिल'. तिसरा, सरळ 'पतेत्र इल वियांद्रा', तुम्हाला फ्रेंच माणसांच्या तोंडी ऐकू येईल, पण परीक्षेत लिहू नका. 'सां दूत' सुरुवातीला आला तर त्यालाही हेच दोन पर्याय. आणि त्याचा शब्दशः अर्थ 'निःसंशय' असला तरी वापरात तो 'बहुधा' झालाय. खरोखरच निःसंशय म्हणायचं असेल तर 'सां ओक्यं दूत' असं 'कोणत्याही शंकेविना' म्हणावं लागतं.

एक पत्र तपासू

डेल्फ बी-वनला साधारण १६० शब्द लिहायचे असतात. फ्रान्समधल्या लियों शहरात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने मैत्रिणीला लिहिलेल्या अशाच पत्रातल्या काही ओळी घेऊ. वाक्यं मी रचली आहेत, पण चुका वर्गातल्याच.

'झ तूझूर प्रां ल मेत्रो.' चौथ्या सीटवर 'तूझूर' बसलाय. उठवा. झ प्रां तूझूर ल मेत्रो.

'झेम लियों बोकू.' इंग्रजीचा वास. मराठी वाक्य आठवा, 'मला लियों खूप आवडतं', आणि शेवटाकडून वाचा. झेम बोकू लियों.

'मों व्वाझां ए तूझूर आं रतार.' माझा शेजारी नेहमी उशिरा येतो. हे बरोबर आहे. घाबरून हे बदलणारेही असतात, म्हणून मुद्दाम घेतलं.

'इयेर, झे मांझे ब्यां.' 'पा' घालून बघा: झ ने पा मांझे. तर मग, इयेर, झे ब्यां मांझे. 'इयेर' सुरुवातीला ठीक आहे.

'झ ने आंकोर पा विझिते ल म्यूझे.' अजून म्युझियम पाहिलं नाही. पा आंकोर: झ ने पा आंकोर विझिते ल म्यूझे.

'ओसी, झ पार्ल आवेक मे व्वाझां.' शेजाऱ्यांशीही बोलतो. 'ओसी' आत घ्या: झ पार्ल ओसी आवेक मे व्वाझां.

'पतेत्र तू वियांद्रा आं मे.' मे महिन्यात येशील कदाचित. तू वियांद्रा पतेत्र आं मे.

तपासताना एक शिस्त पाळा: पत्र लिहून झाल्यावर फक्त क्रियाविशेषणांसाठी एक वेगळी फेरी मारा. लिंग, आर्टिकल, कर्ता-क्रिया यांच्या चुका शोधता शोधता ही चूक डोळ्यांखालून निसटते, कारण चुकीचं वाक्यही कानाला इंग्रजीसारखं, म्हणजे ओळखीचं लागतं. प्रत्येक कर्त्यावर बोट ठेवायचं आणि पुढचा शब्द वाचायचा. तिथे क्रियापद, 'न' किंवा ते एका अक्षराचं सर्वनाम नसेल तर थांबायचं.

बोलताना

लिहिताना वेळ मिळतो, बोलताना नाही. मराठी डोक्यात 'नेहमी' हा शब्द आधी उगवतो आणि तोंडातून तो आधीच बाहेर पडतो. त्यावर नियमांची उजळणी करून उपयोग नाही. कर्ता आणि क्रियापद एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखं म्हणायची सवय लावा: झब्वा, झमांझ, झेम, इलपार्ल, नूरगार्दों. हे गठ्ठे तोंडात बसले की 'तूझूर'ला मध्ये शिरायला फटच राहत नाही. मग शेपटाला शब्द बदलत न्या: झब्वा तूझूर, झब्वा सूवां, झब्वा रारमां. मग पासे कोंपोझे: झे ब्यां, झे माल (वाईट), झे त्रो, झे बोकू, आणि त्यापुढे पार्टिसिप काहीही. 'झे' म्हटल्यावर छोटा शब्द येणारच, अशी जिभेची अपेक्षा तयार होते.

हे थोडे दिवस करून सोडलं तर चूक परत येते. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या लिडिया व्हाइट यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच विषयावर आहे, फक्त दिशा उलटी: क्वेबेकमधली फ्रेंच बोलणारी पाचवी-सहावीची मुलं इंग्रजी शिकताना क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसवत होती, फ्रेंचप्रमाणे. मुद्दाम शिकवल्यावर सुधारणा झाली. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा ती सुधारणा टिकलेली नव्हती. त्यामुळे परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एकदाच घासण्यापेक्षा रोज सकाळी चहा होईस्तोवर पाच वाक्यं म्हणणं जास्त उपयोगाचं.

आणि एक दुष्परिणाम आधीच सांगून ठेवतो. गठ्ठे पक्के बसले की ऑफिसच्या इंग्रजी ईमेलमध्ये 'आय चेक ऑलवेज द रिपोर्ट' असं काहीतरी उतरू लागतं. तसं झालं, तर ईमेल पाठवण्याआधी तो 'ऑलवेज' उचलून 'चेक'च्या आधी ठेवा.